तळ्याकाठची शाळा

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. उर्दू माध्यमाच्या शाळेत अठरा वर्षे शिकवताना हे वाक्य मी कितीतरी मुलांकडून पाठ करून घेतले आणि परीक्षेत त्यावर एक गुणही दिला. पण मुलांना घेऊन तलावाच्या पाळीवर कधी बसले नव्हते. गेल्या सप्टेंबरमधल्या एका रविवारी ते घडले.

साकोली तालुक्यातल्या एका लहानशा गावात गावकरीच दर रविवारी मुलांचा वर्ग चालवतात. लोक त्याला निसर्गशाळा म्हणतात. इमारत नाही, फलक नाही, फी नाही. तलावाच्या पाळीवरच्या आंब्याखाली एक ताडपत्री, एक फळा आणि तीस-पस्तीस मुले. बहुतेक ढिवरांची आणि शेतमजुरांची. माझ्या एका सहकारी शिक्षिकेचे ते माहेर, म्हणून आमची सोय झाली. सहावी-सातवीची एकवीस मुले घेऊन आम्ही सकाळी भंडाऱ्याहून निघालो. लाखनी मागे पडली तसा दोन्ही बाजूंना हिरवागार धान दिसू लागला.

त्या एकवीस जणांत एका मुलाला मी आणणारच नव्हते. वडील पंक्चरच्या दुकानात, आई घरी विड्या वळते. सहावीत येऊनही त्याला ओळ सलग वाचता येत नाही. ऑगस्टच्या पालकसभेत मी त्याच्या आईला त्याच्यासमोरच म्हणाले होते, “याचं मन अभ्यासात नाही. एखाद्या गॅरेजवर बसवा, निदान हात तरी चालेल.” तो तेव्हा आपल्या चपलांकडे पाहत उभा होता. सहलीला एक मुलगी आजारी पडली, जागा रिकामी झाली, म्हणून हा आला.

तलाव काठोकाठ भरला होता. सांडव्यावरून पाणी वाहत होते, कमळाच्या पानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी चालत होता. वर्ग घेणारे तिघे: मासेमार संस्थेचे एक वयस्कर ढिवर काका, रानभाज्या ओळखणारी एक आजी आणि साकोलीच्या महाविद्यालयात शिकणारा एक तरुण. काकांचे शिक्षण चौथीपर्यंत.

काकांनी सुरुवात तलावापासूनच केली. आपल्या पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने त्यांतले कितीतरी बांधले. उतार पाहून मातीची पाळ घालायची, पावसाचे पाणी अडवायचे आणि तुडुमातून, म्हणजे पाणी सोडण्याच्या मोरीतून, ते धानाला द्यायचे. पाणी शेतकऱ्याचे, मासे आणि शिंगाडे ढिवरांचे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. पुढे अनेक ठिकाणी गाळ साचत गेला, पाळी खचल्या आणि काठ बेशरमच्या झुडपांनी भरून गेले. तलाव सगळ्यांचा झाला खरा, पण तो साफ कोणी करायचा हे ठरले नाही.

मग तरुणाने सांगितले, की भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मनीष राजनकर यांनी ढिवरांसोबत बसून तलावांचे ज्ञान नोंदवले. बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, तर गावठी मासे आणि पक्षी परत येतात, हे या भागातल्या काही तलावांवर लोकांनी करून पाहिले आहे. “पाण्यातलं गवत म्हणजे माशांचं घर आणि तेच त्यांचं जेवण,” काका म्हणाले. “घर मोडलं, तर नुसतं बीज सोडून काय होणार?”

मुले वहीत नावे लिहू लागली. माझ्या मुलांची वही पाहून गावातली एक मुलगी ओरडली, “मॅडम, हे उलटं लिहितात!” आमच्या मुलीने लगेच उत्तर दिले, “उलटं तर तुम्ही लिहिता.” दोघीही हसल्या आणि एकमेकींची नावे आपापल्या लिपीत लिहून देत बसल्या.

एवढ्यात काठाजवळच्या पाण्यात लालसर ठिपक्यांचा एक पुंजका सरकताना दिसला. पुंजका वर यायचा, पुन्हा खाली जायचा. काकांनी विचारले, “हे काय आहे?” कुणी किडे म्हणाले, कुणी शेवाळ. मागून आवाज आला, “मरळ के बच्चे हैं. इनको मत पकडो, नीचे इनकी अम्मा है.”

तोच मुलगा होता. वर्षभरात वर्गात मी त्याच्या तोंडून एवढे लांब वाक्य ऐकले नव्हते. काकांनी त्याला पुढे बोलावले. तो मामूबरोबर वैनगंगेवर गळ टाकायला जातो. मरळीची पिल्ले अशीच लाल असतात, आई-बाप दोघेही त्यांची राखण करतात, त्या वेळी त्यांना पकडले तर पिल्ले इतर मासे खाऊन टाकतात, हे सगळे त्याने सांगितले. काका म्हणाले, “बरोबर. आमच्याकडेही हाच नियम.” मग दोघे जाळ्याची आस केवढी असावी यावर बोलत राहिले, आणि मी, बीएड झालेली बाई, ऐकत राहिले.

दुपारी गावातल्या बायांनी भात आणि माशांचे कालवण केले. एकीने आधीच विचारून घेतले होते, “मासे चालतात ना तुमच्यात?” मी म्हटले, “चालतात, माशाला जबह करावे लागत नाही.” दर आठवड्याला घरोघरून मूठभर तांदूळ येतो, मासळी संस्था देते, असा हा स्वयंपाक. जोहरच्या वुजूसाठी मुले पाण्याकडे धावली, तेव्हा मी त्यांना एकेक लोटाच घ्यायला लावला. वाहत्या नदीकाठीही पाणी उधळू नये, ही शिकवण समोर तलाव भरलेला असतानाच लक्षात ठेवायची असते.

परतताना मला मकतबातला एक धडा आठवत होता. अल्लाहने हजरत आदम (अलैहिस्सलाम) यांना वस्तूंची नावे शिकवली, आणि त्या नावांपुढे फरिश्तेही निरुत्तर झाले. माझ्या वर्गातल्या एका मुलाकडे अशी कितीतरी नावे होती. मी ती कधी विचारलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेले. आईला वाटले तक्रार घेऊन आले. मी म्हणाले, “आपा, त्या दिवशी मी चुकीचं बोलले. तेही त्याच्यासमोर.” त्यांचा विडी वळणारा हात थांबला. “बाजी, गॅरेजवाल्याशी बोलणं झालंय. दिवाळीनंतर जाणार आहे तो.” मी वार्षिक परीक्षेपर्यंतची मुदत मागितली. त्या म्हणाल्या, याच्या अब्बूंना विचारते.

अब्बूंनी मुदत दिली. आता शाळा सुटल्यावर तो अर्धा तास माझ्याजवळ थांबतो. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून आम्ही माशांच्या नावांपासून सुरुवात केली: मरळ, शिंगी, मांगूर, रोहू. एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी. अजून तो अडखळतो. जूनमध्ये तो सातवीच्या वर्गात बसेल की गॅरेजवर, हे आज मी सांगू शकत नाही. पण पुढच्या पालकसभेत कुणाच्याही मुलाबद्दल त्याच्यासमोर मत देण्याआधी मी त्याला एक प्रश्न नक्की विचारणार आहे: तुला काय काय ठाऊक आहे?