राजीचं पुढे काय? आणि आपल्या गोष्टीचं?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम २०२० साली आला. असुरांनी पळवलेल्या गोलूला शोधणारी त्याची बहीण राजी, आणि तिच्या पाठीशी दुर्गा व विष्णू. शेवट मात्र अर्ध्यावर सोडल्यासारखा. त्यामुळे पुढच्या भागात काय होईल, यावर खेळणाऱ्यांचे तर्क थांबत नाहीत. सौंसरचा माझा भाचा त्यातलाच.

मी त्याला म्हटलं, पांढुर्ण्याची गोष्टही अशीच आहे. इकडचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन जाम नदी ओलांडत होता, तेवढ्यात दगड सुरू झाले. कुणी सांगतं दोघं नदीतच गेली, कुणी सांगतं पांढुर्णेकरांनी सोडवून आणली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीत, आपण तोच प्रसंग दगडांनी पुन्हा उभा करतो. दरवर्षी माणसं जखमी होतात. काही जिवानिशी गेली.

भाचा म्हणाला, "मामा, म्हणजे आपण एकाच लेव्हलवर अडकलोय."

मी सॉफ्टवेअरवाला असून हे मला सुचलं नव्हतं. राजीचा पुढचा भाग कंपनी ठरवेल. आपला आपणच लिहायचा. पळसावरचा झेंडा राहू दे, चंडीमातेची पूजा राहू दे, दगड तेवढे नकोत. मुलांनो, तुम्ही ही गोष्ट पुढे कशी न्याल?