बावनथडीच्या दोन्ही काठांचं देणं

त्या रात्री मी खाटेवर झोपलो होतो आणि बाबा खाली, सतरंजीवर. ही गोष्ट मला आधी सांगायला हवी, कारण आठ वर्षं झाली तरी ती माझ्या डोक्यातून गेलेली नाही. ऑगस्ट 2017, रोवणीचे दिवस. बाबा दरवर्षीप्रमाणे आत्याच्या गावी गेले होते आणि त्यांना परत आणायला मी गेलो होतो. गाव बालाघाट जिल्ह्यातलं, कटंगीच्या बाजूचं. आमच्या तुमसर तालुक्यातून बावनथडीचा पूल ओलांडला की मध्य प्रदेश लागतो. पण आमच्या घरात ती हद्द कधी कोणी मोजली नाही. आमच्या मुली तिकडे दिल्या, सुना तिकडून आणल्या. चिन्नोर तांदूळ दोन्हीकडे तोच शिजतो आणि त्याचा वासही तोच. अलीकडे त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही दोनदा: बालाघाटच्या चिन्नोरला 2021 मध्ये वेगळं आणि भंडाऱ्याच्या चिन्नोरला 2023 मध्ये वेगळं.

दिवसभर बांधीत परे लावून बाबा दमले होते. सपरीत गार वाटतं म्हणून खालीच आडवे झाले. मध्यरात्रीनंतर पोट दुखतंय म्हणाले, एकदा उलटी झाली. आत्यानं ओवा दिला. पहाटे त्यांना उठवलं तर पापण्या उघडेनात. बोलायला गेले तर जीभ जड. अंगावर कुठे रक्त नाही, सूज नाही, दाताची खूण नाही. कोणी म्हणालं लकवा, कोणी म्हणालं बाहेरची बाधा. फुंकर घालणाऱ्याला बोलवायला एक पोरगा सायकलवर निघालाही होता. तेवढ्यात माझी आतेवहिनी, नववीपर्यंत शिकलेली, कोणाला न विचारता 108 ला फोन लावून मोकळी झाली. माझ्या देण्याची वही उघडते ती तिच्यापासून.

गाडीतून दोघं उतरले, पायलट म्हणजे गाडीचा चालक, आणि एक पंचविशीतला मुलगा. मी सवयीनं विचारलं, "डॉक्टर कुठं आहेत?" तो म्हणाला, "डॉक्टर नाही जी, मी ईएमटी आहो." ईएमटी म्हणजे आपत्कालीन तंत्रज्ञ. माझं मन खट्टू झालं. आमच्याकडे, नदीच्या अलीकडे, 108 म्हटलं की गाडीत डॉक्टर असतोच. महाराष्ट्रानं 2014 मध्ये ही सेवा सुरू केली ती 937 गाड्यांनिशी; त्यातल्या 233 अॅडव्हान्स आणि 704 बेसिक, आणि दोन्ही प्रकारच्या गाड्यांत डॉक्टर, बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेले. मी तेच गृहीत धरून बसलो होतो. माझ्या बापाचा जीव जातोय आणि समोर डॉक्टरसुद्धा नाही, हा विचार मनात आला, हे मी कबूल करतो.

त्या मुलानं बाबांची पापणी बोटानं वर केली. मान उचलायला सांगितली, ती उचलेना. मग आत्याला एकच प्रश्न विचारला: "बाबाजी रात्री खाली झोपले होते का?" आत्या हो म्हणाली आणि तो लगेच उठला. "मण्यार असेल. चला." मण्यारीचे दात इतके बारीक की खूण राहत नाही, झोपलेल्या माणसाला चावली तर कळतही नाही. आधी पोट दुखतं, मग पापण्या पडतात, मग गिळणं जातं आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच थांबतात. हे सगळं मी नंतर शिकलो. त्याला ते उंबरठ्यावर उभ्या उभ्या ठाऊक होतं.

कटंगीच्या दवाखान्यात सापाच्या विषावरची लस सुरू झाली. तिथल्या डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं: लस रक्तात फिरणाऱ्या विषावर चालते, जे विष नसांच्या टोकांना जाऊन बसलं त्यावर नाही. त्या नसा आपोआप सावरेपर्यंत कोणीतरी यांचा श्वास चालवायला हवा. व्हेंटिलेटर हवा, नागपूर गाठा. त्या मुलानं आपल्या कॉल सेंटरमधल्या डॉक्टरला फोन लावला, हद्द ओलांडून तुमसरपर्यंत यायची परवानगी काढली. तिकडे तुमसरहून आमची अॅडव्हान्स गाडी सांगून ठेवली.

निघालो तेव्हा बाबांची छाती जेमतेम हलत होती. गाव मागे पडलं आणि तीही थांबली. त्यानं अंबू बॅग उचलली. रबरी फुगा असतो, एका हाताच्या पकडीत मावणारा, त्याला पुढे मास्क. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मास्कवर दाबलेली, उरलेली तीन बोटं जबड्याखाली अडकवून हनुवटी वर ओढलेली, आणि उजव्या हातानं फुगा दाबायचा. जोरात दाबला तर हवा पोटात जाते, उलटी होते. घाईनं दाबला तरी तेच. मोठ्या माणसाला पाच-सहा सेकंदांनी एक श्वास. म्हणून तो मोजत होता. तोंडानं, मोठ्यानं: एक, दोन, तीन, चार, पाच... दाब. एक, दोन, तीन, चार, पाच... दाब. रस्त्यात खड्डे, गाडी उसळायची, तो गुडघा स्ट्रेचरच्या दांडीत अडकवून बसला होता. त्याच्या डाव्या हाताची बोटं पांढरी पडली होती. मी म्हटलं, "थोडा वेळ मी दाबतो." तो म्हणाला, "तुम्ही छाती पाहा भाऊ. प्रत्येक वेळी वर आली पाहिजे. नाही आली तर सांगा." मला त्यानं काम दिलं. रडायला वेळ ठेवला नाही.

मधून मधून मोजणं थांबवून तो बाबांच्या कानाशी वाकायचा: "मी आहो बाबाजी. तुम्ही झोपून राहा, श्वासाचं मी पाहतो." मला वाटायचं, हा कोणाशी बोलतोय? बाबा तर गेल्यासारखे पडले होते.

तुमसरला नळी टाकली आणि बाबांना आमच्या गाडीत घेतलं. त्या गाडीतली डॉक्टर तिशीतली, बीएएमएस. दोन गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या होत्या. पदवीनं पाहिलं तर ती वरची, तो खालचा. तिनं त्याला बाजूला सारलं नाही. वही काढली आणि विचारलं, "किती वाजल्यापासून?" त्यानं लस किती, कधी सुरू झाली, बॅग कधीपासून, ऑक्सिजन कुठं उतरला आणि कुठं चढला, सगळं न अडखळता सांगितलं. तिनं प्रत्येक आकडा लिहून घेतला आणि म्हणाली, "छान सांभाळलं तुम्ही." मग भंडारा, मग राष्ट्रीय महामार्ग, नागपूरपर्यंत ती व्हेंटिलेटरच्या आकड्यांवरून नजर न हलवता बसली. नागपूरच्या दवाखान्यात दारातच कोणीतरी तिला विचारलं, "गाडीत बीएएमएसच होती का?" ती काही बोलली नाही, कागद पुढे केले. मला ते लागलं. आणि त्याच पहाटे मी स्वतः असंच विचारून बसलो होतो, हे आठवून जास्त लागलं.

बाबा पाचव्या दिवशी स्वतःचा श्वास घेऊ लागले.

पुढच्या वर्षी मी त्या मुलाला शोधून काढलं. आई त्याची एकटी, आमच्याच तालुक्यात माहेरी राहायला आलेली. त्याला इकडे नोकरी हवी होती, 108 वरच. मी शिक्षक माणूस, अर्ज लिहून देतो म्हणालो. लिहायला बसलो तेव्हा कळलं की ती जागाच इकडे नाही. इकडे गाडीत बसायला वैद्यकाची पदवी लागते. तो विज्ञान पदवीधर, त्यावर रुग्णवाहिकेचं प्रशिक्षण. नदीच्या त्या काठावर ज्या कागदावर तो माणसांचे जीव राखत होता, या काठावर त्याच कागदावर त्याला गाडीचं मागचं दार उघडता येत नव्हतं.

मग मी वाचत गेलो. 15 ऑगस्ट 2005 ला हैदराबादेत 108 सुरू झाली ती प्रशिक्षित तंत्रज्ञांच्या जोरावर, आणि तीच पद्धत राज्याराज्यांत गेली. महाराष्ट्रानं डॉक्टरांची वाट धरली. जगातही असंच आहे. फ्रान्समध्ये गंभीर रुग्णासाठी गाडीतून डॉक्टर जातो. जर्मनीत 2014 पासून तीन वर्षं शिकवून वेगळा व्यावसायिक तयार करतात. अमेरिकेत चार पायऱ्या आहेत, पहिल्या मदतनीसापासून पॅरामेडिकपर्यंत. 1970 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय नोंदणी संस्था परीक्षा घेते, तरी परवाना प्रत्येक राज्य आपला आपण देतं आणि एका राज्यात जे करू देतात ते शेजारच्या राज्यात करू देतीलच असं नाही. म्हणजे बावनथडी सगळीकडे आहे. आपल्याकडे 2021 च्या कायद्यानं संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग आणला, त्याच्या यादीत आपत्कालीन तंत्रज्ञही आहे. देशाची एक नोंदवही होईल, तिच्यात नाव असेल तर ते नदी ओलांडून चालेल, ही आशा मी धरून आहे. कोणती पद्धत बरी, हा वाद मी घालत नाही. माझ्या बापाला दोन्ही लागल्या. पण तुमसरच्या गाडीतल्या तिला निदान डॉक्टर म्हणतात. त्या मुलाला हाक मारायला आमच्या भाषेत अजून धड शब्द नाही. गावात लोक त्याला "गाडीवाला पोरगा" म्हणतात. मला ते सहन होत नाही.

अर्जाचं काही झालं नाही, पण त्या निमित्तानं तो एकदा घरी आला. बाबांनी त्याला अंगणात आपल्या शेजारी बसवलं. आईनं नव्या तांदळाची पिशवी बांधून ठेवली होती. तो संकोचून म्हणाला, "काकू, चिन्नोर आमच्याही घरी आहे." आई म्हणाली, "असू दे बाबू. हा आमच्या काठचा आहे."

मग बाबांनी जे सांगितलं ते आम्हा कोणालाच तोवर माहीत नव्हतं. मण्यारीचं विष स्नायू बंद करतं, मेंदू नाही. डोळे मिटलेले, बोट हलत नाही, पण बाबा सगळा वेळ जागे होते. खड्डे कळत होते, माझा हुंदका कळत होता. आणि तो मोजतो आहे, हे कळत होतं. पाच आले की हवा येणार, हे त्यांना पाठ झालं होतं. प्रत्येक वेळी ते पाचाची वाट पाहायचे.

त्या मुलानं मान खाली घातली. हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "बाबाजी, मला वाटलं मी एकटाच मोजून राहिलो."

"नाही गा," बाबा म्हणाले, "मी पण मोजत होतो. गोबरवाहीच्या फाटकापाशी गाडी थांबली, तेव्हा तू मधात एकदा तीन विसरला होतास."