गलाईवाल्यांचा बंगला

'द ग्रेट गॅट्सबी' मी विलिंग्डनच्या शेवटच्या वर्षाला असताना मोबाइलवर वाचली. 1925 ची अमेरिकन कादंबरी. खाडीच्या एका अंगाला ईस्ट एग, पिढीजात श्रीमंतांचं. समोर वेस्ट एग, नव्याने पैसा आलेल्यांचं. पैसा दोन्हीकडे आहे, पण ईस्ट एगवाल्यांना समोरच्या पैशाचा वास येतो. मला तो नकाशा लगेच कळला. गावभाग आणि विश्रामबाग, रिक्षाने पंधरा मिनिटं.

गावभाग कृष्णेकाठचा, पटवर्धनांच्या संस्थानाच्या काळातला, वाड्यांचा. विश्रामबागेतलं विलिंग्डन 1919 चं, बंगले मात्र बरेचसे नंतरचे. त्यातला एक आमचा. आम्ही गलाईवाले. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळातून उठून आमची माणसं देशभर गेली, जुनं सोनं वितळवून शुद्ध करायला. पप्पा त्रिचूरला असतात. तेजाबाने त्यांची बोटं पिवळी पडलीत, आणि लग्नात फोटो काढताना ते हात मागे घेतात.

गावभागातल्या मैत्रिणीकडे पहिल्यांदा गेले, तेव्हा तिच्या आजींनी विचारलं, "वडील काय करतात गं?"

"सोन्याचं काम."

"म्हणजे सराफ?"

"नाही आजी, गलाई."

"अच्छा, गलाईवाले." बस, एवढंच. चहा छान होता.

गॅट्सबीच्या लायब्ररीत एका पाहुण्याला आश्चर्य वाटतं, की पुस्तकं खरी आहेत. पानं मात्र फाडलेली नाहीत, म्हणजे कुणी वाचलेली नाहीत. लोक इथे हसतात. मला हसू आलं नाही. आमच्या हॉलच्या शोकेसमध्ये 'मृत्युंजय' प्लास्टिकसकट उभी होती. घरात पुस्तकं दिसावीत म्हणून पप्पांनी आणलेली. दहावीनंतर भट्टीवर गेलेल्या माणसाने ती वाचायची कधी?

पण सांगलीत एक गोष्ट कादंबरीसारखी नाही. तिथल्या जुन्या श्रीमंतांकडे पैसा शिल्लक असतो, माणसं उद्ध्वस्त करून ते त्या पैशाआड जाऊन बसतात. इथे कूळकायद्यात जमिनी गेल्या, वाड्यांना वाटेकरी झाले. उरलं आडनाव, आणि ते "अच्छा" म्हणायची पद्धत.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. गावभाग बुडाला. आमची गल्ली कोरडी होती. मैत्रिणीचं घरदार नऊ दिवस आमच्याकडे राहिलं. पप्पा त्रिचूरहून रोज फोन करायचे, "आजींना गरम पाणी मिळतंय ना?" तिसऱ्या दिवशी आजींनी आईकडे सुरी मागितली आणि 'मृत्युंजय'चं प्लास्टिक कापलं. रोज दुपारी त्या मोठ्याने वाचायच्या, आई भाजी निवडत ऐकायची. कर्णाला कुळ विचारतात त्या प्रसंगाला आजी थांबल्या, चष्मा पुसला, पुढे वाचू लागल्या. त्यांच्या मनात काय आलं, मी विचारलं नाही.

आता त्यांचा वाडा बिल्डरकडे गेलाय. वाटण्या होऊन हाती येतं त्यात विश्रामबागेत फ्लॅट बसत नाही. परवा मैत्रिणीने आमच्या बाजूचा भाव विचारला. पप्पांना विचारून सांगते, म्हटलं.