मर्यादवेल

माउली, शेगावात बसून समुद्राची गोष्ट सांगतो. इथून पंढरीला १९६८ पासून जाणाऱ्या श्रींच्या पालखीत माझा एक सोबती असे. मूळचा मालवणजवळच्या देवबागचा. नोकरीसाठी आला नि इथलाच झाला. आता गुडघे गेले. वारी सुटली, गावही सुटले. मी मालवणला निघालो तेव्हा म्हणाला, "किनाऱ्याचं फोटोतून दर्शन घडवा. वेलीची फुलं आणा. आणि बाबा होडी बांधायचे तो माड."

देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. पावसाळ्यात लाटा ती खातात. दगडांचे बांध घातलेत, तरी वाळू जातेच. उरलेल्या वाळूवर मर्यादवेल पसरलेली. पाने आपट्यासारखी, फुले जांभळी, सकाळी उमलून दुपारी मिटणारी. पेरापेराला मुळे फुटतात, तीच वाळू धरून ठेवतात. समुद्राला मर्यादा घालणारी ती मर्यादवेल. नाव ठेवणाऱ्याला नमस्कार!

वाकून वाकून तीसेक फोटो काढले, सगळे फुलांचे. माड मुळासकट आडवा पडला होता. तिकडे मोबाइल वळवलाच नाही. म्हाताऱ्याला कशाला दुखवायचे?

घरी त्याने एकेक फूल बोटांनी मोठे करून पाहिले. मग हळूच, "आणि आमचो माड?"

मी खाली पाहिले. एका फोटोच्या कोपऱ्यात माडाची उघडी मुळे चुकून आली होती. त्याला ती दिसली. हात जोडले त्याने.

तोच फोटो छापून घेतला आहे. पोथीत ठेवतो.