स्पीकर बदलायचे का?

घरातली चालती वस्तू काढून तिच्या जागी महागाची आणायची का, हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या घरात रोज पडतो. कुठे फ्रीजवरून, कुठे दुचाकीवरून. आमच्याकडे तो स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायरवरून पडला. आंबिया बहाराच्या संत्र्याचे पैसे हाती आले होते, आणि अब्बांची जुनी तक्रार होती, "आवाज दबला रे. शब्द उठून येत नाहीत."

अब्बांना ऐकण्याचा शौक तरुणपणापासूनचा. फजरनंतर मिसरचे कारी अब्दुल बासित यांची तिलावत, संध्याकाळी नात, कधी कव्वाली. कव्वाली आणि वाद्यांबाबत घरोघरी मतं वेगळी आहेत, तो वाद इथे नको. पण कारी साहेबांचा इंतकाल १९८८ साली झाला आणि तरी त्यांचा आवाज आमच्या कारंज्यातल्या घरात रोज सकाळी असतो, ही त्या जुन्या संचाचीच करामत. संच तीस वर्षांचा आहे.

नवा संच बघायला मी नागपूरला गेलो. दुकानात सगळंच गोड वाजतं. तिथली खोली बंद, खाली गालिचा, भिंतींना अस्तर. आमची बैठक म्हणजे फरशी, उघड्या भिंती आणि वर टिनाचं छत. अशा खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि शब्दांत शब्द मिसळतात. मे महिन्यात कूलर सुरू झाला की त्याची घरघर वेगळीच, आणि महामार्गावरचे ट्रक तर बारा महिने. लाखाचा स्पीकर आणला तरी तो याच खोलीत वाजणार.

दुकानदार वॅटचे आकडे सांगत होता. त्या आकड्यांची एक गोष्ट प्रत्येकाने समजून घ्यावी. ५० वॅटच्या जागी १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणला तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. उलट एका वॅटला ८७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी ९० डेसिबल देणारा घेतला तर जुन्याच अ‍ॅम्प्लिफायरवर तेवढाच फरक पडतो. जोडी जुळवताना ओहमही बघावे लागतात. ८ ओहमसाठी बनलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला ४ ओहमचे स्पीकर लावले तर तो जास्त करंट ओढतो आणि तापतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तो आधीच तापलेला असतो. म्हणून बऱ्याचदा स्पीकर बदलला की अ‍ॅम्प्लिफायरही बदलावा लागतो, आणि खर्च दुप्पट होतो.

मग गावातल्याच एका मेकॅनिकला जुना संच उघडून दाखवला. स्पीकरच्या कागदी शंकूभोवतीची फोमची रिंग कुजून तिचा भुगा झाला होता. पंधरा-वीस वर्षांत तसं होतंच. अ‍ॅम्प्लिफायरमधले दोन-तीन कपॅसिटर सुकले होते, आवाजाच्या बटणात धूळ होती. हे सगळं बदलायला नव्या संचाच्या तुलनेत किरकोळ खर्च आला. स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढले, त्यामुळे गुमगुम कमी झाली. जमिनीवर जाड सतरंजी अंथरली, समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लावलं. आवाज स्वच्छ झाला. आम्हा सगळ्यांना तो फरक कळला.

अब्बांना मात्र कळला नाही. ते म्हणाले, "अजून दबकाच आहे. थोडा वाढव."

तेव्हा माझी बायको म्हणाली, "अब्बा फक्त स्पीकरबद्दल असं म्हणतात का? हल्लीची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात, असंही म्हणतात. इमामसाहेबांचा खुतबा नीट कळत नाही, असंही म्हणतात. सगळ्यांचे स्पीकर बिघडले काय?"

वर्ध्याला कानाची तपासणी झाली. वयाबरोबर कान आधी बारीक, उंच सुरांना मुकतात. स, श, फ, त यांसारखी व्यंजनं तिथेच असतात. त्यामुळे माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द फुटत नाहीत. आवाज वाढवला की जाड सूर आणखी जाड होतात, शब्द तिथेच राहतात. अब्बांचं तेच झालं होतं. नातवंडांनी काही विचारलं की ते नुसती मान हलवायचे, आणि पोरांनी हळूहळू विचारणं सोडलं होतं. हे नुकसान कुठल्याच संचाने भरून येणार नव्हतं.

शेजाऱ्यांचाही विचार होताच. कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र सकाळी ६ पर्यंत धरतात. पण कायदा नसता तरी शेजाऱ्याचा हक्क आहेच. भिंतीपलीकडे कुणी आजारी असेल, कुणाचं लेकरू झोपलं असेल. तिलावतीचाही अदब आहे. ती लावून द्यायची आणि घरभर आपापली कामं, गप्पा चालू ठेवायच्या, त्यापेक्षा थोडा वेळ, हळू आवाजात आणि गप्प बसून ऐकलेली बरी.

दोन्ही कानांच्या श्रवणयंत्रांची किंमत नव्या संचाच्या निम्म्याहून कमी निघाली. अब्बांनी आधी साफ नकार दिला. "लोक बहिरा म्हणतील." बायको म्हणाली, "अब्बा, चष्मा लावता तेव्हा कुणी आंधळा म्हणतं का?" ते हसले, पण हो म्हणायला त्यांना पंधरा दिवस लागले. यंत्राची सवय व्हायलाही महिने जातात. सुरुवातीला ताटाचा खणखणाट, नळाचं पाणी, सगळंच कानावर आदळतं आणि माणूस ते काढून डबीत ठेवतो. घरच्यांनी धीर धरावा लागतो.

चांगली वस्तू घेणं हा इसराफ आहे, असं मी म्हणणार नाही. ऐपत असेल, कुणाचं देणं राहिलं नसेल आणि वस्तू खरोखर वापरात येणार असेल तर जरूर घ्यावी. पण घेण्याआधी जुनीची दुरुस्ती करून बघा, खोली नीट लावून बघा. आणि घरातलं वडीलधारं माणूस टीव्हीचा आवाज वाढवायला सांगू लागलं, तर दुकानात जायच्या आधी त्यांचे कान तपासून घ्या.

नव्या संचाचा विचार पुढच्या बहारावर टाकला आहे. परवा धाकटीने अब्बांना तिच्या शाळेतला एक लांबलचक किस्सा सांगितला. अब्बांनी मध्येच तिला थांबवून एक प्रश्न विचारला, आणि प्रश्न अगदी बरोबर जागी होता.