रविवारी संध्याकाळी खानावळ बंद

वाचकहो, ऐन दिवाळीत, घरोघर चकल्या-अनारशांचे डबे उघडत असताना मी तुम्हांला हॉटेलात घेऊन निघाले आहे. घरोघरच्या अन्नपूर्णांनी याबद्दल रागावू नये. जिभेचे चोचले पुरवीत मुंबईभर हिंडणारी बाई मी नव्हे. ऑफिस, लोकल आणि स्वयंपाकघर या तीन खांबांवर माझा संसार उभा आहे. तरीही यंदाच्या पावसाळ्यात लागोपाठ चार शनिवार मी वडिलांना बरोबर घेऊन गिरगाव, धोबीतलाव आणि दादर इथल्या खाण्याच्या जागा पालथ्या घातल्या. त्याला निमित्त झाले ते आमच्या ओट्यावरच्या मिठाच्या बरणीचे.

आई वैशाखात गेली आणि अण्णा आमच्याकडे ठाण्याला राहायला आले. पुढल्या एक तारखेला सकाळी चहा करायला उठते, तो मिठाच्या बरणीखाली घडी घातलेल्या नोटा.

"अण्णा, हे पैसे कसले?"

"खानावळीचे," अण्णा वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणाले.

मला वाटले, थट्टा आहे. पण त्यापुढल्या एक तारखेलाही नोटा आल्या. शिवाय अधूनमधून, "आज माझा खाडा धर गं," असे सांगून ते जेवण चुकवू लागले. रविवारी संध्याकाळी तर पानावर बसतच नसत. का, म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले : "रविवारी संध्याकाळी खानावळ बंद असते."

आमच्या घरातल्यांनी हे हसण्यावारी नेले. मला मात्र ते लागले. पोटच्या पोरीच्या घरात बाप मेंबर म्हणून राहतो आहे, असे वाटू लागले.

खाडा म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगितले पाहिजे. खानावळीचे पैसे महिन्याचे आगाऊ द्यायचे. एखाद्या वेळी जेवायला येणार नसलात तर आधी कळवायचे; त्याचा खाडा वहीत मांडला जाई आणि महिनाअखेर तेवढे पैसे वळते होत. अण्णा १९५८ साली मॅट्रिक होऊन विजयदुर्गाहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले, तेव्हा त्यांच्यापाशी एक ट्रंक आणि गिरगावातल्या एका खोलीचा पत्ता होता. त्या खोलीत नऊजण. अंथरूण पसरायला जागा मिळे, चूल पेटवायला मिळत नसे. त्यामुळे १९६६ साली लग्न होईपर्यंत आठ वर्षे अण्णा खानावळीत जेवले. नोकरीसाठी आलेल्या एकट्या पुरुषांवर मुंबईची जी खानावळ उभी राहिली, तिच्यातले तेही एक.

तेव्हा मी मनाशी ठरवले, अण्णांची भूक हरवली असेल, तर ती जिथे होती तिथेच जाऊन शोधावी.

पहिल्या शनिवारी चर्नी रोडला उतरून गिरगाव गाठले. अण्णांच्या वेळी या रस्त्यावरून ट्राम जात असे. ३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम धावली, तेव्हा निरोपाच्या गर्दीत तेही होते. आता तिथे जमिनीखालून मेट्रो जाते. गिरगावचे स्थानक २०२५ च्या ऑक्टोबरात सुरू झाले. अण्णांनी त्या जिन्यात वाकून पाहिले आणि म्हणाले, "खाली उतरायचं तर खाऊन उतरू."

ठाकूरद्वाराजवळच्या विनय हेल्थ होममध्ये आम्ही मिसळ मागवली. मिसळीचे मर्म तिखटात असते, असे ज्यांना वाटते त्यांनी गिरगावात यावे. कोल्हापूरची मिसळ कपाळावर घाम आणते. मुंबईची मिसळ आधी बोलते, मग चिमटा काढते. उसळ मोडाची, दाणा अखंड. रस्सा पातळ पण पाणचट नाही. वर शेवफरसाणाचा चुरा आणि कच्चा कांदा. लिंबू पिळून पहिला पाव बुडवावा तो फरसाण कुरकुरीत आहे तोवर. बोलत बसाल तर मिसळीचा लगदा होतो. अण्णांनी अर्धी खाल्ली आणि बशी माझ्याकडे सरकवली. मिसळ चांगली होती, यात वादच नाही. अर्धी बशी परत आली, एवढेच मी घरी घेऊन आले.

दुसऱ्या शनिवारी धोबीतलावाला कयानीकडे गेलो. हे इराण्याचे हॉटेल १९०४ पासूनचे. समोर मेट्रो सिनेमा आहे, तोही याच्यापुढे लहानच म्हणायचा, कारण त्याचा जन्म १९३८ चा. उंच छत, लाकडी खुर्च्या, बिस्किटांच्या बरण्या आणि भट्टीतून येणारा पावाचा वास. मस्का लावलेला ब्रून चहात बुडवायचा असतो. कोरडा चावाल तर दातांची परीक्षा होते. मावा केक मात्र चहात बुडवू नये, तो आधीच विरघळायच्या बेतात असतो.

"रविवारी रात्री इथंच," अण्णा म्हणाले.

"काय इथंच?"

"खानावळ बंद, म्हणून इराण्याकडे. ब्रून-मस्का, एक चहा. खिशात असतील तर दोन. एकाच चहावर तासभर बसलं तरी इराणी उठ म्हणत नसे."

एकट्या माणसाला उठवत नसे, ही इराण्याची मोठी थोरवी. जवळचेच बस्तानी २००४ साली बंद झाले, तशी शहरातली कितीतरी इराणी हॉटेले मिटली. आम्हांला वाटते, हॉटेल बंद झाले म्हणजे एक पदार्थ गेला. खरे तर एकट्याने बसायची एक जागा गेलेली असते. त्या दिवशी अण्णांनी ब्रून संपवला. पण गल्ल्यावर मी पर्स उघडायच्या आत त्यांच्या नोटा पुढे झाल्या होत्या.

तिसरा शनिवार दादरचा. शिवसेना भवनासमोरच्या आस्वादच्या दारात ही गर्दी! याच हॉटेलच्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या एका स्पर्धेत जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून मान मिळाला. अण्णांनी हे ऐकून घेतले. "लंडनवाल्यांनी सांगेपर्यंत आपण थांबलो होतो की काय?" म्हणाले, आणि प्रकाशकडे वळले.

प्रकाशचा साबुदाणावडा एकादशीला दुप्पट खाशी लावणारा आहे. बाहेरून खरपूस, आत मऊ, दाण्याचे कूट हाताला न लागता जिभेला लागते. त्यावर पीयूष हवेच. पीयूष म्हणजे पातळ केलेले श्रीखंड, असे कुणी म्हणते तेव्हा मला राग येतो. श्रीखंडाचा गोडवा, ताकाचा आंबूसपणा, केशर आणि जायफळ यांचा तोल साधला नाही तर ते नुसते गोड ताक होते. पहिला घोट घेऊन अण्णा गप्प झाले. मग म्हणाले, "तुझ्या आईला मी पहिल्यांदा बाहेर नेलं, तेव्हा हेच पाजलं होतं. गिरगावात. तिनं एका घोटात सांगितलं, जायफळ जास्त आहे."

आई गेल्यापासून अण्णांच्या तोंडून तिचे नाव मी प्रथमच ऐकले. पीयूषाचा पेला त्यांनी पूर्ण संपवला. त्या रात्री घरीही जेवले. मला वाटले, काम झाले! पण दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि संध्याकाळी अण्णा गॅलरीत जाऊन बसले. खानावळ बंद.

चौथ्या शनिवारी मी सरळ विचारले, "तुमची ती खानावळ कुठं होती, दाखवा."

परत गिरगाव. एका गल्लीच्या तोंडाशी अण्णा थांबले. चाळ होती तिथे आता उंच इमारत आहे आणि तिच्या फाटकावर पहारेकरी. तिथेच उभे राहून अण्णांनी मला ती खानावळ जेवू घातली म्हणा ना! दोन खोल्या, चालवणारी कोकणातली एक विधवा बाई; सगळे तिला मावशी म्हणत. पहाटे पाणी भरायचे, दोन वेळांचे तीसेक मेंबर, आमटी-भात, पोळ्या, एक भाजी, बुधवारी मासळी. कुणी कमी जेवला तर मावशी वहीत न मांडताही लक्षात ठेवी आणि दुसऱ्या दिवशी विचारी, "काल काय झालं होतं रे?"

अशा कितीतरी मावश्या या शहराने पाहिल्या. गिरणगावात तर गिरणीकामगारांचे डबे करणाऱ्या खानावळवाल्या बायका हजारोंनी होत्या. वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज यांत त्या पिचत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्या हाती मिळवून दिले. पुढे १९८२ च्या संपात कामगार गावी परतले आणि चुली थंडावल्या. गिरण्या बंद पडल्याचे इतिहासात येते. त्यांच्याबरोबर किती बायकांची पातेली उपडी झाली, ते फारसे येत नाही.

"एकदा गणपतीत," अण्णा सांगू लागले, "वाढपी गावी गेला आणि मावशी तापानं आडवी. मी आणि आणखी दोघांनी आठ दिवस चूल सांभाळली. ती पडल्या पडल्या सांगायची, आम्ही करायचो. कोकम घातलेली आमटी मी तिथं शिकलो."

"तुम्ही? आणि आमच्या घरी कधी पातेल्याला हात लावला नाहीत?"

अण्णा ओशाळले. "तुझी आई लावू देत नसे. आणि मीही कधी हट्ट धरला नाही."

मग चौपाटीकडे चालता चालता त्यांनी उरलेली गोष्ट सांगितली. एका रविवारी संध्याकाळी त्यांना मावशी वाळूवर एकटी बसलेली दिसली. हातात भेळेचा द्रोण. अण्णांना पाहून ती लाजली आणि म्हणाली, "आठवड्यातून एकदा दुसऱ्याच्या हातचं खावं रे. नाहीतर आपल्या हाताची चव कळेनाशी होते."

"म्हणून खानावळ बंद असायची," अण्णा म्हणाले. "आम्ही आठ वर्षं कुरकुर केली. आमची उपासमार, म्हणून. तिची सुट्टी, हे त्या दिवशी कळलं."

मला राहवले नाही. "आणि ते मिठाच्या बरणीखालचे पैसे?"

अण्णा बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिले. "पैसे दिले की माणूस कुणाला जड होत नाही, एवढं मी या गावात शिकलो. दुसरं काय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझी खानावळ कधी बंद असते गं? तू ऑफिसातनं येतेस ती थेट ओट्याशी. तुझ्या आईचंही असंच. पन्नासावर वर्षं. मी एकदाही विचारलं नाही."

मला उत्तर देता आले नाही. भेळ तिखट होती, हे एक बरे झाले.

दुसऱ्या दिवशी रविवार. संध्याकाळी ओट्याकडे गेले, तर अण्णा आधीच उभे! समोर शिजवलेली डाळ, भिजवलेली कोकमे, खवलेला नारळ. "बाहेर जा," म्हणाले. "खानावळ बंद आहे." तासाभराने त्यांनी आम्हां सर्वांना पानावर बसवले. भात थोडा गिचका झाला होता, आमटीला मीठ कमी होते. पण कोकमाचा आंबटपणा नेमका होता, आणि मी भात निपटीत असताना डोक्यावरून आवाज आला, "आणखी वाढू? काल कमी जेवलीस."

त्या रात्री अण्णा सर्वांच्या शेवटी जेवले. दोनदा भात घेतला.

एक तारखेच्या नोटा अजून येतात. मी आता त्या परत करीत नाही. त्यांतून रविवारचा बाजार होतो, आणि तो अण्णाच आणतात. खाडा मात्र त्यानंतर एकही लागलेला नाही.

तेव्हा वाचकहो, मिसळीला ठाकूरद्वार, ब्रून-मस्क्याला धोबीतलाव आणि साबुदाणावड्याला दादर, ही माझी शिफारस आहेच. जाल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या, आणि ते कुठे, कुणाच्या हातचे जेवले हे विचारा. आणि फराळाचे ताट पुढे आले की करणारीलाही एकदा विचारा, तिची खानावळ कधी बंद असते ते.