मी आलो

मराठीत ‘मी’ म्हणून वाक्य सुरू केले की ते संपेपर्यंत आपण पुरुष की स्त्री हे बहुधा सांगून टाकावे लागते. ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’. कन्नडचे तसे नाही. ‘नानु बंदे’ म्हणणारा मुलगा असो वा मुलगी, क्रियापद तेच. ‘तो आला’, ‘ती आली’ यांसाठी कन्नडमध्येही ‘बंदनु’, ‘बंदळु’ असा भेद आहे. पण स्वतःविषयी बोलताना ती भाषा माणसाला काही विचारत नाही. मराठी माध्यमात शिकूनही बाजारात, बसमध्ये, मित्रांत मी कन्नडच अधिक का बोलत असे, याचे उत्तर मला फार उशिरा सापडले.

माझ्या जन्मदाखल्यावर मुलगी अशी नोंद आहे. मी मुलगा आहे. एवढे एक वाक्य घरात बोलायला मला अठरा वर्षे लागली. आईने रडून घेतले. आप्पा गप्प राहिले. त्यांची मूत्रपिंडे तेव्हाच निकामी होत आली होती. आजारी माणसाला त्रास नको म्हणून तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. आता मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांचे डायलिसिस असते. पाणीसुद्धा मोजून प्यायचे.

गेल्या उन्हाळ्यात ते एकदम म्हणाले, “गावाकडं जाऊन येऊ. तू चल बरोबर.” खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे आमचे गाव. बुधवारी जाऊन गुरुवारी परतायचे ठरले. बेळगावहून बस सुटली तेव्हा आप्पांचे पाय सुजलेले होते, आणि दिवसभराच्या पाण्याची बाटली माझ्या हातात होती. माझे केस कापलेले, अंगात शर्ट-पँट. शहरात कोणी वळून पाहत नाही. पण गावाने मला परकरात पाहिले होते.

मला धास्ती दोन गोष्टींची होती. सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगप्पा आमच्या भागाला ठाऊक आहेत. साडी नेसून, परडी घेऊन ते दारी आले की बायाबापड्या हात जोडतात. परंतु मुलगी म्हणून जन्मलेल्या मुलाला काय म्हणावे, हे सांगणारी रीत गावापाशी नाही. दुसरी धास्ती जमिनीची. आप्पांच्या वाटणीचे सव्वा एकर भातशेत आहे, आणि “शेतासाठी मुलगा झाली” असे भाऊबंदांत बोलले गेल्याचे कानावर आले होते. कॉमर्सच्या विद्यार्थ्याला याचे हसू यावे. 2005 साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला. कर्नाटकाने तर अविवाहित मुलींना तो 1994 सालीच दिला होता. म्हणजे माझ्या मुलगा असण्याने हिशेबात एका पैशाचाही फरक पडत नाही. आपण कोण हे ज्याचे त्याने ठरवावे, असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा निकालही मी वाचून ठेवला होता. त्यातले काहीच कामी आले नाही.

आत्या दारातच उभी होती. “सकाळपासनं वाट बघालोय मी. बसा, पाणी आणतो.”

मी ऐकतच राहिलो. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात: मी येतो, मी जातो, मी जेवलो. लहानपणी मीही तसाच बोलत होतो आणि कोणाला त्यात वावगे वाटत नव्हते. ‘आलो’ खोडून ‘आले’ लिहायला लावले ते शाळेने, शुद्ध मराठीसाठी. “आत्या, मी आलो,” मी म्हटले. घरात ते कोणालाच खटकले नाही.

पण थोड्या वेळाने त्याचेच वाईट वाटू लागले. आत्याच्या कानाला मी तिच्यासारखाच बोललो होतो. त्या बोलीने मला आडोसा दिला. मी कोण हे मात्र कोणाला कळले नाही.

संध्याकाळी आप्पा काठी टेकत देवळाच्या पारापर्यंत आले. शेजारचे म्हातारे काका तिथे बसले होते. माझ्याकडे बघत म्हणाले, “ही धाकटी न्हवं रे तुझी?”

आप्पांना दम लागला होता. तो खाली बसेपर्यंत ते थांबले, मग म्हणाले, “धाकटा. बी.कॉम.ला आहे. माझं दवाखान्याचं सगळं तोच बघतो.”

काकांनी मला बराच वेळ न्याहाळले. मग जरा सरकून जागा केली. “बस की रे.”

‘मी’ हा शब्द माणूस एकट्याने म्हणू शकतो, कन्नडात तर कोणाला काही कळू न देता. ‘तो’ मात्र दुसऱ्याने म्हणावा लागतो. दोन वर्षे मी ज्याची वाट पाहत होतो तो हा एका अक्षराचा शब्द होता, आणि आप्पांनी तो चार भिंतींत नव्हे, गावच्या पारावर उच्चारला.

यामुळे सारे सुरळीत झाले असे नाही. रात्री आत्याने मला जुन्याच नावाने जेवायला हाक मारली. भाऊबंदांपैकी कोणी आप्पांना भेटायला आले नाही. डायलिसिसच्या दिवशी अंगात गोळे आले की आप्पांच्याही तोंडून अजून ते जुने नाव निघते. मी ओ देतो, आणि त्यांचे पाय चेपतो.